भवानी होईपर्यंत तोंड भिंतीकडं

आप्पा, मेलास एकदाचा.

एवढं पहिलं वाक्य ऐकलं आणि बसाप्पानं टाक खाली ठेवला. "ब्याड, आक्का, नगं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहीत न्हाईत. चार चांगले शब्द सांग." मी म्हटलं, लिही मुकाट्यानं. सतरा वर्षांत ज्यानं मला एक चांगला शब्द दिला नाही, त्याला मी चार कुठनं आणू? तोंड ठेव बाजूला आणि हात चालव. हे वाक्यसुद्धा तुझंच की, आप्पा. बसाप्पानं ते ऐकलं आणि निमूट टाक उचलला. अजून तुला भितो तो.

आणि हो, तुला 'तू' म्हणते आहे. जिवंत होतास तोवर 'तुमी' म्हणत होते. आपल्यात देवाला तू म्हणतात, आईला तू म्हणतात आणि मेलेल्याला तू म्हणतात. देव तू नव्हतास आणि आई तर नव्हतासच. राहिलं काय ते तूच बघ.

मी तोंडानं 'आलो, गेलो' म्हणते, आमच्याकडं बायकाही तसंच म्हणतात. बसाप्पा कचेरीतल्या अर्जासारखं 'आले, गेले' करून लिहितोय. लिहू दे. पायानं चालता येत नाही बिचाऱ्याला, टाकानं तरी ऐटीत चालू दे. पण माणसं जे बोलली ते बोलल्यासारखंच ठेव, असं मी त्याला बजावलंय.

तू मला पहिल्यांदा भेटलास ते देवळाच्या पायरीवर. देवीच्या साथीत माझे दोन्ही डोळे गेले तेव्हा मी पाच वर्षांची होते, आणि पंचविशीची घोडी झाले तरी भाऊ मला बाजारच्या दिवशी चिकोडीत नेऊन पायरीवर बसवायचा. संध्याकाळी येऊन घेऊन जायचा, मला आणि पदरात पडलेलं. त्या दिवशी कुणीतरी पुढ्यात उकिडवं बसलं. तपकिरीचा वास आला. मी सवयीनं हात पुढं केला, तर हातावर दोन बाजूंना दोन चिमटी तंबाखू पडली.

"ह्यातली चांगली कुठली?"

"द्यायचं असंल तर द्या, न्हाईतर वाटेला लागा."

"कुठली ते सांग आधी."

मी रागारागानं दोन्ही चोळल्या, नाकाला लावल्या. "ही डावीकडची. उजवीत काडी लई हाय, आणि भिजवून वाळवल्याली हाय. कुनीतरी फसवलंय तुमाला."

शाबास म्हणाला नाहीस. संध्याकाळी भाऊ आला, तोवर तिथंच बसून राहिलास आणि त्याला म्हणालास, "हिला निपाणीला नेतो. वखारीत माल निवडाय शिकवतो." भाऊ म्हणाला, "आंधळी काय काम करनार?" तू म्हणालास, "तू डोळं असून करत न्हाईस त्ये." भाऊ अंगावर धावून आला तुझ्या. मग त्यानं तुझ्या उजव्या बाहीकडं बघितलं असणार, कारण एकदम थांबला. बाही रिकामी होती. गुऱ्हाळात ऊस घालताना चरकानं तुझा हात कोपरापर्यंत खाल्ला होता, हे मला मागाहून कळलं. थोट्याला मारलं तर पाप लागतं म्हणून तू वाचलास.

वखारीच्या मागं तुझी छपरी होती. कुडाच्या भिंती, वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन. तिथं रंगू होती, जन्माची बहिरी आणि म्हणून मुकी. बसाप्पा होता, दोन्ही पाय लुळे, हातांवर सरकत चालणारा. आणखी दोघं-तिघं येऊन जाऊन असायचे. सगळी बापयमाणसं, बायामाणसं, पोर कुणी नव्हतं. गावाच्या तोंडी आम्हाला नावंच नव्हती. आंधळी, लंगडा, मुकी, झालं. मला वाटलं होतं, तू तरी नावानं हाक मारशील. तर पहिल्या दिवसापासनं, "ए आंधळे, हिकडं सरक."

मी म्हटलं, "माजं नाव ताना हाय."

"त्ये बारशातलं. फुकट मिळाल्यालं," तू म्हणालास. "कामावर नाव मिळव, मग हाक मारतो."

आणि शिकवणं तरी कसलं तुझं! पुढ्यात तंबाखूचा ढीग ओतायचास. त्यातनं पान वेगळं, काडी वेगळी, धूळ वेगळी, असे तीन ढीग बोटांनी करायचे. पानातही जाड निराळं, पातळ निराळं, ओलसर निराळं. सकाळी बसले की दुपार व्हायची. मग तू यायचास, डाव्या हातानं ढीग चाचपायचास. पानाच्या ढिगात एक काडी सापडली, एकच, तरी पायानं तिन्ही ढीग एकत्र कालवायचास. "पुन्यांदा." शिंका येऊन येऊन नाक सोलून निघायचं, बोटांची कातडी जायची. एकदा मी भोकाड पसरलं. तर म्हणालास, "रडून तंबाखू भिजतीया. भिजल्याली कोन घेत न्हाय. रडायचंच असंल तर पायरी मोकळी हाय, तिथं रडन्याचं पैसं मिळत्यात."

छपरीतनं वखारीच्या दारापर्यंत मला एकटीनं चालायला लावलंस. रंगू हात धरायला आली तर तिला मागं ओढलंस. सातव्या पावलाला मी गटारीत पडले, तोंडावर. उठते, पडते, लुगड्याला घाण, आणि तू तिथंच उभा. तपकिरीचा वास येत होता ना मला! एक हात तर होता की रे तुला. तो पुढं केला असतास तर काय झडला असता? नाही केलास. घाणीतनं उठून मी तुला अशी शिवी घातली की बसाप्पा ती लिहायला तयार नाही. तू म्हणालास, "सातवं पाऊल ध्येनात ठेव. उद्या तिथं डावीकडं सरायचं." दुसऱ्या दिवशी मी सरले. आजपर्यंत सरते.

बसाप्पालाही सांग म्हटलं, तुझं सांग. तो म्हणतो, माझं कशाला. पण मी सांगणार. त्याला तू दगडी पाटीवर अक्षरं गिरवायला लावायचास आणि वाकडं आलं की पायाच्या अंगठ्यानं पुसायचास. दोन वर्षांनी त्याला पाठीवर बांधून बैलगाडीत घातलंस आणि चिकोडीच्या कचेरीच्या ओट्यावर नेऊन बसवलंस, अर्ज लिहून द्यायला. कुणी जवळ येईना. लुळ्याच्या हातचा अर्ज मंजूर होत नाही म्हणे! मग तू स्वतः त्याच्या पुढ्यात बसून ओरडून ओरडून अर्ज सांगितलास, सगळ्या ओट्याला ऐकू जाईल असा. कशाबद्दल, तर कचेरीच्या पायऱ्या फार उंच आहेत याबद्दल. लोक हसले, आणि हसता हसता दोघं-तिघं आपापले कागद घेऊन पुढं आले. पायऱ्या अजून तेवढ्याच उंच आहेत. बसाप्पा मात्र घर चालवतो.

आता तुझं-माझं भांडण. ते मिटलं नाही, तू मध्येच उठून गेलास. पण मी सोडणार नाही.

माझा हात तयार झाला तेव्हा तू माझ्या निवडीचा नमुना मालकापुढं नेऊन ठेवलास, कुणाचा ते न सांगता. मालक खूश. मग म्हणालास, आंधळ्या बाईनं निवडलाय, आणि एका मुकीनं. मालकानं नमुना खाली ठेवला. नंतर म्हणाला, "हात चालतील माला, तोंडं चालायची न्हाईत. सकाळी सकाळी असली तोंडं बघितली तर दिवस फुकट जातोय." आमच्याकडं कुठलाही व्यापारी दिवसाच्या पहिल्या विक्रीला, म्हणजे भवानीला, जिवाएवढा जपतो. भवानी व्हायच्या आधी आंधळं, लंगडं, थोटं दिसलं तर अपशकुन. तर तू मालकाशी ठरवून आलास. आम्ही मालकाच्या आधी वखारीत यायचं. तोंड भिंतीकडं, पाठ दाराकडं. भवानी झाली, की मुनीम गादीवरनं ओरडणार, मग तू "फिरा!" म्हणणार, आणि आम्ही सगळ्यांनी फिरून बसायचं. रंगूला ऐकू येत नाही, म्हणून मी तिचा गुडघा दाबायचा.

आणि हे तू आम्हाला पेढे वाटल्यासारखं येऊन सांगितलंस!

मी म्हटलं, "मी न्हाय भिंतीकडं बसनार."

"तुला दिसतंय व्हय गं? तुला भिंत काय आणि दार काय!"

"वारा दाराकडनं येतोय आप्पा. भिंतीकडं नुसती धूळ."

"मग धूळ खा. मीबी खातोय न्हवं?"

ते मात्र खरं होतं. माल निवडणाऱ्यांचा तू मुकादम, सोळा वर्षांचा जुना माणूस, पण भवानी होईपर्यंत तूही आमच्या रांगेत भिंतीला नाक लावून बसायचास. मी विचारलं, "लाज न्हाय वाटत?" तू म्हणालास, "हात एवढा म्हाग कर, की उद्या मालकानं सोताहून म्हनावं, बाई फिरून बस. तवर तोंड इकाय काढू नगंस."

आप्पा, तेरा वर्षं मी हात महाग करत होते. लढाई सुरू झाली, शिपायांना विड्या लागतात म्हणून वखारीत माल मावेना. कोल्हापूरचा व्यापारी यायचा आणि सरळ म्हणायचा, "आंधळीच्या हातचा माल दाखवा." मी ऐकायचे, पाठमोरी. माझ्या मालाची भवानी व्हायची आणि मी भिंतीचा चुना हुंगत बसायचे. मालकानं कधी फिर म्हटलं नाही. तू मालकाला कधी विचारलं नाहीस.

तीन वर्षांमागं एक दिवस मी फिरले. तुझ्या "फिरा"ची वाट बघितली नाही. मालकाच्या किल्ल्यांचा जुडगा वाजला, पायरीवर पाऊल पडलं, आणि मी गर्रकन दाराकडं तोंड करून म्हटलं, "नमस्कार मालक. कोल्लापूरवाल्यांचा माल तयार हाय."

मालक ओरडला, "कुनी फिरवली रं हिला?" आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधी माझ्या गालावर तुझा हात पडला.

डावा, एकुलता एक. सगळी वखार ऐकेल असा. गटारीत पडले तेव्हा जो पुढं आला नाही, तोच हात आप्पा! तोंडात रक्ताची चव आली मला. मग कापडाची सळसळ झाली. रंगूनं माझा हात धरून मला खुणेनं समजावलं, डोक्याभोवती फिरवून, खाली जमिनीला टेकवून. तू पटका काढून मालकाच्या पायावर ठेवला होतास. म्हणत होतास, "चुकली, मालक. पुन्यांदा व्हनार न्हाय." मालकानं ठेवलं आम्हाला. फक्त मध्ये एक गोणपाटाचा पडदा वाढवला.

बाहेर आल्यावर तू एवढंच म्हणालास, "तुज्या एकटीचं तोंड न्हवं त्ये. तुज्या मागं चौघं बसल्यात. तुला हाकललं असतं तर त्या समद्यांना हाकललं असतं."

बरोबरच होतं तुझं. बरोबर होतं म्हणूनच जास्त जळलं. चूक असतास तर मी तुला माफ केलं असतं.

त्या दिवसापासनं मी तुझ्याशी बोलले नाही. 'व्हय' आणि 'न्हाय', बास. तूही मला 'फिरा'शिवाय शब्द दिला नाहीस. एक वाक्य हवं होतं मला, आप्पा. 'लागलं का गं?' एवढंसुद्धा चाललं असतं. माफी मागणारी जीभ काय तुझी हाताबरोबर चरकात गेली होती? बसाप्पा म्हणतो, त्या रात्री तू जेवला नव्हतास. बरं झालं. मीही नव्हते जेवले.

मग तुला खोकला धरला. तंबाखूची धूळ छातीत बसते तो खोकला आम्हाला सगळ्यांनाच पाठ आहे, कितव्या ढासेला माणूस उठायचा बंद होतो ते कळतं. तू कामावर यायचा थांबलास. 'फिरा' मुनीमच म्हणायला लागला. मी आठ दिवस हट्टानं आले नाही तुझ्याकडं. नवव्या दिवशी आले.

छपरीत तू एकटा पडला होतास. मी तुझ्या अंथरुणापाशी बसले, कपाळाला ताप बघायला हात नेला, तर हाताला तुझ्या मानेचे केस लागले. पुढं चाचपलं, तर कान. तुझं तोंड भिंतीकडं होतं.

अरे, स्वतःच्या घरात! मरताना! तिथं कुठला मालक येणार होता आणि कुणाची भवानी व्हायची होती?

मी म्हटलं, "आप्पा, हिकडं फिरा की."

तुला ढास लागली. मग म्हणालास, "सवं, तानाक्का. सवं लागली."

सतरा वर्षांनी नाव घेतलंस. ते घेतलंस ते भिंतीकडं बघत. मला तुझ्या खांद्याला धरून तुला फिरवायचं होतं आणि जमलं नाही. म्हणजे हाताला जमलं असतं, मलाच जमलं नाही. मी तशीच उठून आले. दुसऱ्या दिवशी पहाटे तू गेलास.

तुझी तिरडी वखारीवरनंच गेली. स्मशानाची वाट तीच. हमालांनी खांदा दिला. आम्ही तिघं वखारीच्या कोपऱ्याला उभे होतो, म्हणजे बसाप्पा बसलेला. तेवढ्यात किल्ल्यांचा जुडगा वाजला. मालक कोल्हापूरला निघाला होता, मोठा सौदा होता, गाडी दारात जुंपलेली. मला वाटलं, आता हा खेकसेल. भवानीच्या वक्ताला थोटा आडवा आला म्हणून ओरडेल.

मालकानं वहाणा काढल्या. पायऱ्या उतरून खाली आला. बसाप्पा म्हणतो, दोन्ही हात जोडून तिरडीसमोर उभा राहिला आणि तुझ्या उघड्या तोंडाकडं नीट बघितलं, सावकाश. मग मुनीमाला म्हणाला, आणि हे मी माझ्या कानानं ऐकलं, "सामनं प्रेत आलं. शकुन चांगला झाला. आज काम हुनारच."

झालं म्हणे. सौदा झाला.

ऐकलंस का? बत्तीस वर्षं तू त्याच्या वखारीत धूळ खाल्लीस. जिता होतास तर तुझं तोंड अपशकुनी, आणि मेलास तसा शकुनी झालास! तुझ्यात बदललं काय, तर श्वास तेवढा थांबला. मी तिथंच कोपऱ्यावर हसायला लागले. रंगूनं मला गदागदा हलवलं, तिला वाटलं मी रडते आहे. नव्हते मी रडत. तुझी शपथ.

काल सकाळी मी कामावर गेले. सातव्या पावलाला डावीकडं सरले. रांगेत माझ्या जागेवर गेले, पोतं उचललं, दाराकडं तोंड करून अंथरलं आणि बसले. आधी रंगूला खुणेनं सांगितलं, तू भिंतीकडंच राहा, तुझं नुकसान नको. मग तिनं आपलं पोतं ओढत आणून माझ्या शेजारी टाकलं. गोणपाटाचा पडदा मी हातानं बाजूला सारला. तीन वर्षांनी वखारीत बसून तोंडावर वारा लागला, आप्पा. पेठेतल्या भज्यांचा वास येत होता त्यात.

किल्ल्या वाजल्या. पाऊल पायरीवरच थांबलं.

"ए आंधळे, तोंड फिरव."

काम गेलं तर मला पायरीच होती, आणि रंगूला तीही नव्हती. पण बोलले. म्हटलं, "मालक, मी मेलो म्हनून समजा. शकुन हुईल तुमाला."

कुणी शिंकलंसुद्धा नाही. मुनीमाची लेखणी थांबली. मालक तिथंच उभा होता, त्याचा श्वास ऐकू येत होता मला. कोल्हापूरवाल्याचा माल माझ्या पुढ्यात होता, अर्धा निवडलेला, आणि तो संध्याकाळी जायचा होता. हात महाग कर म्हणाला होतास ना? बघ.

मग किल्ल्यांचा आवाज लांब गेला. वखारीला वळसा घालून मागच्या बाजूला. मागचं दार कुरकुरलं. आज सकाळीही तो मागच्या दारानंच आला. उद्या काय करेल ते मला माहीत नाही.

पण एक सांगायचं राहिलं आणि ते सांगितल्याशिवाय हा कागद पुरा व्हायचा नाही. काल मी मालकाला ते बोलले ना, तेव्हा माझी मान आपोआप खाली गेली होती. दात आवळून, गाल पुढं करून मी बसले होते. तुझ्या हाताची वाट बघत. तपकिरीचा वास येईल म्हणून श्वास ओढून घेतला.

नुसता वारा आला.

तू मेलास हे मला तेव्हा कळलं, आप्पा.